खटला सुटला, तरी क्लिअरन्स अडतो: दारू, पोलीस नोंद आणि अमेरिकेतली गोपनीय कामे

२०२५ च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जो बायडेन, कमला हॅरिस, हिलरी क्लिंटन यांचे सिक्युरिटी क्लिअरन्स काढून घेतले आणि हा शब्द मराठी बातम्यांतही झळकला. ते राजकारण होते. व्हर्जिनिया, मेरीलँड, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातल्या संरक्षण कंपनीत काम करणाऱ्या साध्या इंजिनिअरचा क्लिअरन्स अडतो तो फार निराळ्या कारणांनी. थकलेली कर्जे, परदेशातले नातेसंबंध, अमली पदार्थ आणि पार्टीहून परतताना पोलिसांनी थांबवलेली गाडी ही त्यातली नेहमीची कारणे.

अमेरिकेत जन्मलेली किंवा तिथले नागरिकत्व घेतलेली मराठी मुले-मुली आता या नोकऱ्यांकडे वळू लागली आहेत. त्यांच्या घरात हमखास एक प्रश्न विचारला जातो: कॉलेजात असताना दारू पिऊन गाडी चालवल्याची एक केस झाली होती, पुढे ती मिटलीही, मग आता काय अडचण? अडचण येऊ शकते. पण ज्या गोष्टीची भीती वाटते, ती बहुतेक वेळा खरी अडचण नसते.

क्लिअरन्स म्हणजे नेमके काय

सरकारची गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी म्हणजे क्लिअरन्स. त्याच्या तीन पायऱ्या आहेत: कॉन्फिडेन्शिअल, सीक्रेट आणि टॉप सीक्रेट. तो साधारणपणे फक्त अमेरिकी नागरिकालाच मिळतो, ग्रीन कार्ड त्यासाठी पुरत नाही. शिवाय त्यासाठी स्वतःहून अर्ज करता येत नाही. सरकारी खाते किंवा सरकारचे काम घेतलेली कंपनी यांनाच तुमचे नाव पुढे करावे लागते.

इथे शिक्षा किंवा निर्दोष सुटका असा हिशेब नसतो. महिनाभर गावाला जाताना घराची किल्ली कोणाकडे ठेवायची हे आपण ठरवतो, तेव्हा शेजाऱ्यावर गुन्हा सिद्ध झाला आहे का हे बघत नाही. मनात शंका असली तरी किल्ली देत नाही. क्लिअरन्सही याच नियमाने चालतो. तो देणे ‘राष्ट्रीय सुरक्षेच्या हिताशी स्पष्टपणे सुसंगत’ असले पाहिजे, आणि शंका उरली तर तिचा फायदा अर्जदाराला नाही, देशाला मिळतो. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. इथले पारडे नेमके उलटे आहे.

या नियमावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ फेब्रुवारी १९८८ रोजी शिक्कामोर्तब केले. ‘नौदल विरुद्ध ईगन’ हा तो निकाल. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन इथे ट्रायडेंट पाणबुड्यांच्या दुरुस्ती केंद्रात ईगन हे कामगार होते. मारहाण आणि बंदूक बाळगणे या जुन्या गुन्ह्यांत त्यांना शिक्षा झाली होती. त्याआधीच्या दोन शिक्षा त्यांनी नोकरीच्या अर्जात लिहिल्या नव्हत्या. पूर्वी दारूचा त्रास होता आणि शिक्षेचे शेवटचे २८ दिवस व्यसनमुक्ती कार्यक्रमात काढले, हे त्यांनी स्वतःच सांगितले होते. त्यांचे म्हणणे असे की शिक्षा भोगून झाली आहे, तीन वर्षे दारूचा त्रास नाही आणि वरिष्ठांची प्रशस्तिपत्रेही आहेत. क्लिअरन्स नाकारला गेला आणि पाठोपाठ नोकरी गेली. न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी ठरवले की क्लिअरन्स हा कोणाचाही हक्क नाही आणि तो नाकारणे योग्य होते की नाही हे कामगारांच्या अपिलांचे मंडळ तपासू शकत नाही. दारू, गुन्हा आणि लपवालपवी या तिन्ही गोष्टी त्या एका प्रकरणात होत्या. आजही अनेक प्रकरणांत त्या हातात हात घालूनच येतात.

तेरा निकष आणि एक रात्र

८ जून २०१७ पासून सगळ्या खात्यांना एकच नियमावली लागू आहे. तिच्यात ए ते एम असे १३ निकष आहेत. आपल्या विषयाशी तिघांचा संबंध येतो: निकष जी दारूचा, निकष जे गुन्हेगारी वर्तनाचा आणि निकष ई प्रामाणिकपणाचा. प्रत्येक निकषात आधी काळजीच्या बाबी दिल्या आहेत आणि मग बाजू सावरणाऱ्या बाबी.

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकाराला बहुतेक राज्यांत डीयूआय म्हणतात, काही ठिकाणी डीडब्ल्यूआय. तो एकाच वेळी जी आणि जे या दोन्ही निकषांत मोडतो. अर्जात तो लपवला तर ई हा तिसरा निकष लागतो. रात्र एकच, पण आक्षेप तीन, आणि प्रत्येकाला वेगळे उत्तर द्यावे लागते.

दारू पिणे ही काळजीची बाब नाही, हे आधी स्पष्ट करायला हवे. शुक्रवारी मित्रांबरोबर दोन बिअर घेणाऱ्याला कोणी विचारत नाही. निकष जी बघतो तो दारूमुळे सुटलेला तोल: पिऊन गाडी चालवणे, मारामारी, घरात जोडीदाराला किंवा मुलांना मारहाण, सार्वजनिक ठिकाणी दंगा, कामावर पिऊन येणे, विवेक सुटेपर्यंत एका बैठकीत ढोसणे. यातली घटना एकदाच घडली असली आणि डॉक्टरांनी व्यसनाचे निदान केलेले नसले, तरी ती मोजली जाते. कोर्टाने सांगितलेला दारूविषयक वर्ग किंवा उपचार पूर्ण न करणे हीसुद्धा स्वतंत्र बाब आहे. दंड भरला आणि वर्ग राहून गेला, अशी माणसे इथे विनाकारण अडकतात.

निकष जे मधली सर्वांत धक्कादायक तरतूद अशी की आरोप ठेवला गेला का, खटला चालला का, शिक्षा झाली का, याला महत्त्व नाही. विश्वासार्ह आरोप, स्वतःची कबुली किंवा सरकारी नोंद एवढेही पुरते. किरकोळ गुन्ह्यांची मालिकाही चालते. एकेकटा गुन्हा कोणी मनावर घेणार नाही, पण सगळे मिळून नियम न पाळणारा माणूस दिसतो. सध्या प्रोबेशनवर, म्हणजे शिक्षेचा भाग म्हणून न्यायालयाच्या देखरेखीखाली असणे ही तर वेगळी लिहिलेली बाब आहे. म्हणून प्रोबेशनचे सहा महिने उरले असतील आणि कंपनी थांबायला तयार असेल, तर थांबावे.

एक कायदेशीर अडसर मात्र ताठ आहे. अमेरिकेतल्या न्यायालयाने एक वर्षाहून जास्त शिक्षा दिली आणि त्यापैकी किमान एक वर्ष तुरुंगात काढले, तर सर्वांत संवेदनशील माहितीच्या खास कप्प्यांपर्यंत पोचण्यासाठी विशेष सूट मागावी लागते. साध्या डीयूआयमध्ये सहसा इतकी वेळ येत नाही.

अर्जात काय लिहायचे, किती मागचे लिहायचे

अर्जाचे नाव एसएफ-८६. त्याच्या २२ व्या भागात पोलीस नोंदी विचारतात आणि २४ व्या भागात दारू. सर्वाधिक चुका इथे होतात, कारण एकाच भागात दोन वेगवेगळ्या कालमर्यादा आहेत. साधी अटक, समन्स किंवा आरोप गेल्या सात वर्षांतलेच लिहायचे असतात. पण गंभीर गुन्ह्याचा म्हणजे फेलनीचा आरोप, शस्त्र किंवा स्फोटकांशी संबंधित आरोप आणि दारू किंवा अमली पदार्थांशी संबंधित आरोप यांना कालमर्यादा नाही. प्रश्नातच ‘कधीही’ असे लिहिले आहे. सतरा वर्षांपूर्वीची डीयूआयसुद्धा लिहावी लागते. सात वर्षांचा नियम सगळ्याला लागू आहे असे समजून माणसे ती वगळतात.

२४ व्या भागातही तोच घोळ होतो. दारूमुळे काम, नाती, पैसा यांवर परिणाम झाला का किंवा पोलीस आले का, हे सात वर्षांपुरते विचारतात. उपचार किंवा समुपदेशन घ्यायला कोणी सांगितले का, स्वतःहून घेतले का, हे कधीचेही विचारतात.

‘पण रेकॉर्ड तर पुसले गेले आहे’

राज्याच्या न्यायालयाने नोंद बंद केली, पुसली किंवा आरोप मागे घेतला, तरी अर्जात ती लिहायची असते. तसे अर्जातच बजावले आहे. याला अपवाद आहे तो केंद्रीय अमली पदार्थ कायद्याखालच्या काही ठरावीक पुसलेल्या शिक्षांचा. दारूच्या केसला त्याचा उपयोग नाही. अटकेच्या वेळी घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात आणि राज्याने आपल्याकडची नोंद पुसली तरी ती माहिती तिथे सापडू शकते.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांना एक खास सापळा आहे. तिथे डीडब्ल्यूआय हा फौजदारी गुन्हाच नाही, वाहतूक कायद्याचा भंग आहे. त्यामुळे ‘मला कधी गुन्ह्यात अटक झाली का? नाही!’ असे उत्तर अगदी मनापासून दिले जाते. एसएफ-८६ मध्ये ३०० डॉलरपेक्षा कमी दंडाची वाहतूक केस वगळायला परवानगी आहे, पण दारू किंवा अमली पदार्थांचा संबंध असेल तर ती सवलत मिळत नाही. राज्य तिला काय म्हणते याच्याशी अर्जाला देणेघेणे नाही.

‘वकिलानेच लिहू नको म्हणून सांगितले’ हे म्हणणे अगदीच वाया जात नाही. जाणकार माणसाच्या सल्ल्यावर विसंबून माहिती राहिली, ही सावरणारी बाब आहे. मात्र ते पत्र किंवा ईमेल दाखवता आले पाहिजे, आणि चूक कळताच ती दुरुस्त केलेली असली पाहिजे.

‘भारतातली केस त्यांना कशी कळणार’

घटना अमेरिकेतली असो की बाहेरची, ती लिहायची असते. पुण्यात सुट्टीवर असताना ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’मध्ये पकडले जाणे यातच मोडते. इथे आकड्यांचा फरक लक्षात घ्यावा. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल हा गुन्हा आहे. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हीच मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे, युटामध्ये ५०. म्हणजे अमेरिकेत सुटला असता असा माणूस भारतात पकडला जाऊ शकतो. हा फरक अर्जाच्या खुलाशात लिहिता येतो, त्याच्या आधारे घटना गाळता मात्र येत नाही.

भारतातल्या केसबाबत शब्दांची काळजी घ्यावी. नुसती एफआयआर, अटक, समन्स, आरोपपत्र आणि शिक्षा या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि अर्ज प्रत्येकीबद्दल वेगळे विचारतो. ‘केस झाली होती’ असे मोघम लिहिण्यापेक्षा प्रकरण कोणत्या पायरीपर्यंत गेले ते कागदांवरून तपासावे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रकरणाची स्थिती दिसते. अंतिम आदेशाची प्रमाणित नक्कल न्यायालयाच्या नक्कल विभागातून काढून घ्यावी. आदेश मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत जोडावे. गावाकडच्या नातेवाइकाला वकीलपत्र देऊन हे करण्यात महिने जातात, म्हणून अर्ज हातात येण्याआधीच सुरुवात केलेली बरी.

नागरिकत्व घेताना भरलेला एन-४०० अर्जही पूर्वीच्या अटकांबद्दल विचारतो. तिथे एक आणि इथे दुसरे लिहिले, तर दोन्ही कागद सरकारकडेच आहेत.

दारूपेक्षा लपवणे महाग का पडते

दारूच्या घटनेला काळ औषध ठरतो. पुढची काही वर्षे कोरी गेली तर ती मागे पडते. खोटे लिहिण्याचे तसे नसते. ते घटनेच्या दिवशी नाही, अर्जावर सही केली त्या दिवशी घडते, आणि त्यातून उभी राहणारी शंका थेट मुद्द्यावर येते: जो सरकारशी खोटे बोलला, तो गुपित कसे सांभाळेल? केंद्र सरकारला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. एका जुन्या डीयूआयवर अडले नसते असे प्रकरण ती लपवल्यामुळे पडते, हे इतके टाळण्यासारखे आहे की त्याबद्दल हळहळ वाटते.

चुकून राहिले असेल तर उपाय आहे. तपास अधिकाऱ्याने विचारायच्या आत, आपण होऊन आणि लगेच दुरुस्ती केली, तर ती सावरणारी बाब ठरते. मुलाखतीला बसल्यावर पहिल्याच वाक्यात सांगावे. अधिकाऱ्याने कागद पुढे सरकवल्यावर सांगितलेले धरले जात नाही.

‘उपचार घेतले तर उलट मीच अडकेन’

या भीतीने माणसे वर्षानुवर्षे मदत घेत नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो. नियमावलीची रचना पाहिली तर निकष जी मधून बाहेर पडण्याच्या चार वाटांपैकी तीन उपचार आणि बदललेल्या सवयींवरून जातात. चौथी फक्त काळाची आहे: घटना जुनी आहे, विरळ आहे किंवा पुन्हा घडणार नाही अशा परिस्थितीत घडली होती.

डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ निदान करतात ते ‘अल्कोहोल यूज डिसऑर्डर’ या नावाने. ११ लक्षणांपैकी १२ महिन्यांत दोन-तीन दिसली तर सौम्य, चार-पाच मध्यम, सहा किंवा जास्त तीव्र. निदान झालेले असणे ही काळजीची बाब आहे हे खरे. पण निदान होऊन सल्ला न पाळणे ही त्याहून मोठी बाब आहे. याचा परिणाम फार व्यावहारिक असतो. निदान नसलेला माणूस डीयूआयनंतर प्रमाणात पिऊ लागला, तर ‘सवय बदलली’ असे म्हणता येते. ज्याला तज्ज्ञाने पूर्ण बंद करायला सांगितले, त्याने दिवाळीच्या पार्टीत घेतलेला एक ग्लास वाइनही त्याच्याविरुद्ध जातो. तो ग्लास त्याला चढला नाही, काही बिघडले नाही, हे सांगून उपयोग होत नाही.

म्हणून उपचाराच्या शेवटी तज्ज्ञाकडून लेखी घ्यावे: निदान काय, सल्ला काय (पूर्ण वर्ज्य की मर्यादित), पुढची शक्यता कशी. ‘बरा आहे’ एवढ्या पत्राला वजन नाही. नंतरचा पाठपुरावा पूर्ण केल्याचा दाखला, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांच्या हजेरीची कागदे, गाडीत बसवलेल्या श्वासचाचणी यंत्राच्या नोंदी, आणि शक्य असल्यास पेथ नावाच्या रक्तचाचणीचे अहवाल ठेवावेत. ही चाचणी मागच्या दोन ते चार आठवड्यांतले पिणे दाखवते, त्यामुळे ठरावीक अंतराने केलेल्या चाचण्यांची मालिका नुसत्या शब्दांपेक्षा खूप बोलते. बायको, नवरा, मित्र यांची पत्रे जोडावीत, पण त्यांत ‘घटना मला माहीत आहे’ असे लिहिलेले असावे. घटनाच माहीत नसलेल्या माणसाच्या कौतुकाला किंमत मिळत नाही.

‘मग किती वर्षे थांबायचे?’

ठरलेला आकडा नाही, आणि कोणी सांगितला तर विश्वास ठेवू नये. विशीतली एक डीयूआय, कोर्टाचे सगळे पूर्ण, नंतर काही नाही, यात दोन-तीन वर्षांतही सावरता येते. दोन डीयूआय, मध्ये उपचार आणि पुन्हा पिणे, यात पाच वर्षेही कमी पडू शकतात. उपचार घेऊन पुन्हा घसरलेल्या माणसाला ‘सध्या उपचार चालू आहेत’ ही वाटच बंद होते, त्याला पूर्ण झालेला कार्यक्रम दाखवावा लागतो. वय, परिपक्वता, घटना किती गंभीर होती, पुन्हा घडण्याची शक्यता, दबावाखाली येण्याचा धोका अशा नऊ मुद्द्यांवर संपूर्ण माणूस पाहिला जातो.

नोटीस आल्यावर

कंत्राटी कंपनीतल्या माणसाचे प्रकरण अडले की संरक्षण खात्याकडून ‘कारणांचे निवेदन’ येते. त्यात प्रत्येक आक्षेप क्रमांकाने लिहिलेला असतो. मिळाल्यापासून २० दिवसांत शपथेवर उत्तर द्यायचे असते, आणि प्रत्येक क्रमांकापुढे ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ लिहून खुलासा करायचा असतो. उत्तरच दिले नाही तर प्रकरण तिथेच संपते. जास्त वेळ हवा असेल तर मुदत संपण्याआधी मागावा.

याच उत्तरात सुनावणी हवी का, हे सांगायचे असते. सुनावणी डोहा या संरक्षण खात्याच्या न्यायविभागापुढे होते. नुसत्या कागदांवर निर्णय मागता येतो, पण दारूच्या प्रकरणात मी तो मार्ग सुचवणार नाही. माणूस बदलला आहे की नाही हे त्याला समोर बसवून, उलटप्रश्न विचारून न्यायाधीशाला जितके कळते, तितके फायलीतून कळत नाही. वाद असलेल्या घटना सिद्ध करायचे काम सरकारचे असते, पण ‘मी सावरलो आहे’ हे पटवण्याचे ओझे अर्जदारावर असते. वरच्या अपील मंडळापुढे जायला निकालापासून १५ दिवस मिळतात. तिथे नवा पुरावा घेत नाहीत. पहिल्या सुनावणीत न जोडलेले डॉक्टरांचे पत्र पुढे कामाला येत नाही.

क्लिअरन्स हातात असताना

पूर्वी पाच-दहा वर्षांनी पुन्हा तपास व्हायचा. आता गुन्ह्यांच्या नोंदी सतत तपासल्या जातात, त्यामुळे शनिवारी रात्रीची अटक कंपनीला तुमच्याआधी कळू शकते. अटक आणि दारूविषयक उपचार या दोन्ही गोष्टी स्वतःहून कळवणे बंधनकारक आहे. कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला सोमवारी सकाळीच लेखी कळवावे: तारीख, ठिकाण, आरोप, पुढची तारीख. गुन्ह्याची कबुली किंवा बचाव त्यात लिहू नये, तो भाग आधी फौजदारी वकिलाशी बोलून ठरवावा. आपण होऊन सांगितले, खरे सांगितले, मदत घेतली आणि ती पाळली, या बाबी नियमावली स्पष्ट शब्दांत जमेला धरते.

अखेरीस नकार आलाच, तर संरक्षण खात्याच्या कंत्राटी कामांसाठी एक वर्षानंतर पुन्हा विचार करण्याची विनंती करता येते, पुढे करणारी कंपनी असेल तर. ते वर्ष कागद जमवण्याचे असते. डोहाचे निकाल नावे गाळून जाहीर केले जातात. आपल्यासारखीच हकिकत असलेले, निकष जी आणि जे खालचे दहा-बारा निकाल काढून वाचावेत, जिंकलेले आणि हरलेले दोन्ही. न्यायाधीश कोणत्या कागदावर थांबले आणि कोणता कागद नाही म्हणून त्यांनी नकार दिला, हे त्यांत परिच्छेदवार लिहिलेले असते.